तिसऱ्या दिवसाचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत पुणे जिल्ह्यात आरोग्याच्या दोन मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. पुढे त्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली आणि 'एनआयव्ही' हे नाव कोविडच्या काळात घराघरांत पोहोचले. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि परदेशातून येणाऱ्या महागड्या औषधाला देशी पर्याय मिळाला.

पहिली संस्था विषाणूंचा माग काढण्यासाठी होती, दुसरी जिवाणू मारणारी औषधे बनवण्यासाठी. ही दोन वेगळी कामे आहेत. रुग्णालयातल्या केसपेपरवर मात्र ती एकमेकांत मिसळतात. वर निदानाच्या जागी 'व्हायरल' लिहिलेले असते आणि खाली औषधांच्या यादीत पहिले नाव अँटिबायोटिकचे असते. असे का होते, त्यात चूक किती आणि शहाणपण किती, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी बारामती आणि इंदापूर हे शेजारचे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवू.

आषाढ ते गाळप हंगाम

पुणे परिसरात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. थंडीत आणखी एक लाट येते, ती बहुधा लहान असते. पावसाळी लाट डोके वर काढते त्याच सुमारास तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरीकडे निघालेली असते. बेलवाडीच्या रिंगणाला लोटलेली गर्दी, एका तंबूत दाटीवाटीने काढलेली रात्र, अंगावरच वाळणारे कपडे. थंडीच्या लाटेच्या वेळी माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने सुरू असतात आणि बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबे कोप्यांमध्ये राहत असतात. पहाटेचा गारठा, चुलीचा धूर आणि आईबाप फडात असताना बांधावर खेळणारी पोरे. श्वसनाच्या विषाणूंना पसरायला आणखी काय हवे?

हे विषाणू अनेक प्रकारचे असतात. फ्लूचे ए आणि बी हे दोन प्रकार, तान्ह्या मुलांची छाती भरवणारा आरएसव्ही, साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस आणि आता आपल्यातच मुक्कामाला राहिलेला कोविडचा विषाणू. जानेवारी २०२५ मध्ये 'एचएमपीव्ही' या विषाणूच्या बातम्यांनी लोक घाबरले. तो नवा नव्हता. नेदरलँड्समध्ये २००१ साली त्याचा शोध लागला आणि पुण्यातल्या मुलांमध्ये तो सापडल्याचे एनआयव्हीच्या संशोधकांनी २००४ मध्येच प्रसिद्ध केले होते. म्हणजे कित्येक वर्षे आपण त्याला 'सर्दी-खोकला' म्हणून अंगावर काढत होतो.

या सगळ्या विषाणूंवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही. याचे कारण औषधाच्या ताकदीत नाही, त्याच्या नेमात आहे. जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. तिच्याभोवती भिंत असते आणि आत प्रथिने बनवणारी स्वतःची यंत्रणा असते. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्सोन ही औषधे ती भिंत बांधू देत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन प्रथिने बनवण्याच्या कामात खीळ घालते. विषाणूला भिंत नसते आणि यंत्रणाही नसते. तो आपल्या पेशीत शिरून आपल्याच यंत्रणेकडून स्वतःच्या नकला काढून घेतो. औषधाने नेम धरावा असे त्याच्यात काहीच नाही. उसाला हुमणी लागली असताना शेतात तणनाशक फवारले, तर हुमणी मरत नाही आणि पैसा मात्र जातो. इथेही तेच घडते.

केसपेपरवरचा पहिला दिवस

हे डॉक्टरांना ठाऊक नसते असे कुणी समजू नये. मग औषध का दिले जाते? त्यासाठी एका रुग्णाची कल्पना करू.

समजा, निमगाव केतकीचे एक आजोबा आहेत. वय ६८, मधुमेह आहे, विडीची सवय जुनी. पालखी गावातून पुढे गेल्यावर चार दिवसांनी त्यांना ताप भरतो, अंग ठणकते, कोरडा खोकला लागतो. मुलगा मेडिकलमधून 'तीन गोळ्यांचा कोर्स' आणतो. ही ॲझिथ्रोमायसिनची पट्टी कुणी लिहून दिलेली नसते. दोन दिवसांत फरक पडत नाही, धाप लागते आणि आजोबांना रुग्णालयात आणले जाते. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९१ टक्के दिसतो. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला खाली थोडा पांढुरका डाग आहे. मुलगा हात जोडून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, पैशाकडं बघू नका, पण चांगलं भारी इंजेक्शन लावा."

आता डॉक्टरांच्या जागी उभे राहून पाहा. हा फ्लूचा विषाणू फुप्फुसात उतरला असेल. किंवा न्यूमोकोकस नावाच्या जिवाणूचा न्यूमोनिया असेल. किंवा दोन्ही असतील. आजोबांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हे खात्रीने सांगता येत नाही. कफ पिवळा-हिरवा असला म्हणजे जिवाणूच, ही समजूतही खरी नाही. विषाणूंशी झुंजताना मेलेल्या पांढऱ्या पेशींमुळेही कफाला तो रंग येतो. विषाणूची तपासणी लगेच होईल असे नाही. नमुना बाहेरगावी गेला तर उत्तराला दोन दिवस लागतात. आणि जिवाणू असेल तर उशीर जिवावर बेतू शकतो. म्हणून डॉक्टर सेफ्ट्रियाक्सोनचे इंजेक्शन सुरू करतात. वय, मधुमेह, कमी झालेला ऑक्सिजन, एक्स-रेवरचा डाग, हे सगळे एकत्र पाहिले तर हा पहिला डोस चुकीचा म्हणता येणार नाही.

चूक होते ती पुढे. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. तिसऱ्या दिवशी अहवाल येतो: फ्लू ए. जिवाणूची काहीच खूण सापडलेली नाही. तरीही इंजेक्शन चालूच राहते, कारण 'गुण येतोय'. पाचव्या दिवशी डिस्चार्ज मिळतो, सोबत आणखी पाच दिवसांच्या गोळ्या. पहिल्या दिवशी ज्या शंकेपोटी औषध दिले, ती शंका फिटली की नाही, हे कुणी पुन्हा विचारलेच नाही. या प्रकरणाचा सगळा भर याच मुद्द्यावर आहे. अँटिबायोटिक सुरू करायचे की नाही याची चर्चा खूप होते. ते थांबवायचे का, हा तिसऱ्या दिवसाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारलाच जात नाही.

गुण कशाने आला?

बहुतेक विषाणूजन्य तापांचा एक ठरलेला मार्ग असतो. ताप तीन-चार दिवस राहतो आणि उतरतो. खोकला त्यानंतरही रेंगाळतो, कधी कधी तीन आठवडे. मार्च २०२३ मध्ये फ्लूच्या एच३एन२ या प्रकाराने देशभर लोक आजारी पडत होते, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने आपल्या सदस्य डॉक्टरांना हेच सांगितले होते: लक्षणांवर उपचार करा, अँटिबायोटिक देऊ नका. लोक ॲझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिक्लॅव्हसारखी औषधे मनाने घेतात आणि बरे वाटले की सोडून देतात, हेही त्या पत्रकात नोंदवले होते.

माणूस औषध घेतो ते बहुधा तापाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, म्हणजे ताप आपणहून उतरायच्या बेतात असताना. मग ताप उतरतो आणि श्रेय गोळीला मिळते. पुढच्या वेळी तीच गोळी आधी मागितली जाते. शेजाऱ्याला ताप आला की उरलेल्या दोन गोळ्या त्याला दिल्या जातात. हा अनुभव खोटा नसतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. तो पडताळायचा एकच मार्ग आहे: सारख्याच रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही आणि काय होते ते पाहायचे. कोविडने ही पडताळणी फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवली.

कोविडची परीक्षा

मार्च २०२० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या एका गटाने ३६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मलेरियाच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसोबत ॲझिथ्रोमायसिन मिळालेले रुग्ण होते अवघे सहा. या सहा जणांच्या बळावर ही जोडी जगभर गेली. भारतात तर ती तालुक्यातालुक्यात पोहोचली. तो शोधनिबंध डिसेंबर २०२४ मध्ये मासिकाने मागे घेतला, पण तोवर त्याचे काम होऊन गेले होते.

दरम्यान ब्रिटनमध्ये 'रिकव्हरी' नावाची मोठी चाचणी सुरू होती. रुग्णालयात दाखल झालेल्या ७,७०० हून अधिक कोविड रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना ॲझिथ्रोमायसिन दिले, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. डिसेंबर २०२० मध्ये निकाल आला. मृत्यू तितकेच, घरी जाण्याचा वेग तितकाच, व्हेंटिलेटर लागण्याचे प्रमाणही तितकेच. घरी उपचार घेणाऱ्यांवर झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीतही ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन यांचा उपयोग दिसला नाही. याच रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले होते, की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टिरॉइड ऑक्सिजनवरच्या रुग्णांचा जीव वाचवते. उपयोगी काय आणि निरुपयोगी काय, हे एकाच चाचणीने सांगितले.

भारतात काय घडत होते? औषधविक्रीच्या आकड्यांवरून संशोधकांनी मांडलेला अंदाज २०२१ साली 'प्लॉस मेडिसिन' मासिकात आला. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत देशात नेहमीच्या मानाने अँटिबायोटिकचे सुमारे २१ कोटी ६० लाख डोस जास्त खपले. त्यातले ३ कोटी ८० लाख डोस एकट्या ॲझिथ्रोमायसिनचे होते. लॉकडाऊनमुळे इतर संसर्ग कमी झालेले असताना ही वाढ झाली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये जगाचा हिशेब मांडला. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी अँटिबायोटिकची गरज पडावी असा जिवाणूसंसर्ग होता सुमारे ८ टक्क्यांना. अँटिबायोटिक मिळाले सुमारे ७५ टक्क्यांना.

बारामतीने या काळाची दोन्ही टोके पाहिली. एप्रिल २०२० मध्ये, पहिले काही रुग्ण सापडताच, गावात राजस्थानच्या भिलवाड्याच्या धर्तीवर कडक बंदोबस्त झाला. विषाणूला रोखायचे तर माणसांमधला संपर्क तोडावा लागतो, हे त्यामागचे तत्त्व बरोबर होते. वर्षभराने दुसऱ्या लाटेत लोक रेमडेसिव्हिरच्या कुप्यांसाठी दारोदार फिरत होते. एप्रिल २०२१ मध्ये बारामतीत पोलिसांनी चौघांना पकडले, ते रेमडेसिव्हिरच्या रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉल भरून विकत होते. रेमडेसिव्हिर हे अँटिबायोटिक नव्हे, विषाणूविरोधी औषध आहे. पण त्याने मृत्यू फारसे टळत नाहीत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच आला होता. औषधाच्या नावावर बसलेला विश्वास पुराव्याला किती मागे टाकतो, हे त्या कुप्यांनी दाखवून दिले. 'भारी औषध' मागणाऱ्या नातेवाइकाची अगतिकता खरी असते, आणि तिचा बाजार मांडणारेही असतात.

पण कधी कधी लागतेच

इतके वाचून 'व्हायरल आहे ना, मग अँटिबायोटिक नकोच' असे कुणी ठरवले, तर तेही घातक ठरेल.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात हाहाकार माजवला. त्या साथीत मेलेल्यांच्या जतन केलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचा अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००८ साली पुन्हा अभ्यास केला. बहुतेकांचा शेवट विषाणूच्या मागोमाग आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाला होता. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचे अस्तर खरवडून काढतो आणि एरवी नाका-घशात निमूट राहणारे जिवाणू तिथून आत शिरतात. तेव्हा पेनिसिलिन नव्हते. आज आहे, आणि अशा रुग्णाला ते वेळेवर मिळायलाच हवे.

असा रुग्ण ओळखायचा कसा? काही खुणा घरच्यांनाही कळतात. ताप उतरून दोन दिवस बरे गेले आणि मग पुन्हा जोराची थंडी वाजून ताप भरला, धाप वाढली, तर जिवाणूची शंका घ्यावी. रुग्ण बरळू लागला, लघवी कमी झाली, रक्तदाब घसरला, तर क्षणभरही थांबायचे नाही. रक्तातल्या जंतुसंसर्गामुळे रुग्ण शॉकमध्ये असेल तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावे असे जगभरचे नियम सांगतात. तान्ही बाळे, गरोदर बाया, डायलिसिसवर किंवा कर्करोगाच्या औषधांवर असलेले रुग्ण यांच्या बाबतीत डॉक्टर लवकर औषध देतात ते योग्यच असते.

आणि फ्लूसाठी स्वतःचे औषध आहे: ओसेल्टामिव्हिर. २००९ च्या स्वाइन फ्लूत, देशातला पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्टला झाल्यानंतर, 'टॅमिफ्लू' या नावाने ते सगळ्यांना माहीत झाले. पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. आपल्या आजोबांना पहिल्या दिवशी सेफ्ट्रियाक्सोन मिळाले आणि ओसेल्टामिव्हिर मिळाले नाही, तर फ्लूवर चालणारे औषधच राहून गेले असे म्हणावे लागेल.

फुकट काहीच जात नाही

'दिलं तर बिघडलं कुठं?' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. बिघडते, आणि त्याच रुग्णाचे बिघडते. आजोबांना ॲझिथ्रोमायसिनने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. लिव्होफ्लॉक्सासिन दिले तर मधुमेहींची साखर एकदम घसरू किंवा चढू शकते. शिवाय त्या गटातली औषधे क्षयाच्या जंतूंनाही थोडे दाबतात, त्यामुळे काही आठवड्यांचा खोकला क्षयाचा असेल तर निदान लांबते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर नवी गोळी नको, थुंकीची तपासणी हवी. ती सरकारी केंद्रात मोफत होते, आणि त्यासाठी वापरले जाणारे 'ट्रूनॅट' यंत्र गोव्यातल्या कंपनीने बनवलेले आहे.

त्याहून मोठे नुकसान दिसत नाही. शिरेतून दिलेले औषध फक्त फुप्फुसात जात नाही. ते आतड्यातल्या अब्जावधी निरुपद्रवी जिवाणूंवरही पडते. त्यातले दुबळे मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि वाढतात. सहा महिन्यांनी आजोबांना लघवीचा जंतुसंसर्ग होतो, तेव्हा तो याच उरलेल्यांपैकी कुणाचा तरी असतो आणि नेहमीची गोळी लागू पडत नाही. वॉर्डातले असे जंतू हातांवरून, नळ्यांवरून शेजारच्या खाटेवर जातात. प्रतिकारक जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा २०१९ चा जागतिक अंदाज १२ लाख ७० हजार आहे; त्यातले सुमारे तीन लाख भारतातले.

नॉर्वेतल्या अकर्शहुस विद्यापीठ रुग्णालयाचा एक अभ्यास २०२३ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत मांडला गेला. २०१७ ते २०२१ या काळात फ्लू, आरएसव्ही किंवा कोविडमुळे दाखल झालेले २,१११ प्रौढ रुग्ण त्यात होते. जिवाणूसंसर्ग सिद्ध झालेले वगळले होते. तरीही ६३ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक मिळाले होते. वय, आजाराची तीव्रता, जुने आजार यांचा हिशेब करूनही, औषध मिळालेल्यांमध्ये तीस दिवसांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. औषधानेच मृत्यू झाले, असा याचा अर्थ नाही. जास्त आजारी दिसणाऱ्यालाच औषध दिले जाते आणि तो फरक आकडेमोडीत पूर्ण धुऊन निघत नाही. पण 'देऊन ठेवलेले बरे' या भरवशाला आधार मिळाला नाही, एवढे नक्की.

बारामती-इंदापूरच्या दूधवाल्यांना यातला एक भाग चांगला माहीत आहे. गाईला दगडी झाली आणि अँटिबायोटिक टोचले, की ठरलेले दिवस ते दूध संकलन केंद्रावर घालायचे नसते, कारण औषधाचा अंश दुधातून माणसात जातो. कोंबड्यांच्या शेडमध्ये वाढीसाठी वापरले जाणारे कोलिस्टिन केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केले, कारण अतिदक्षता विभागात माणसासाठी शेवटचे म्हणून राखलेल्या औषधांपैकी ते एक आहे. जनावरांसाठी आपण जी शिस्त मान्य केली, ती माणसांच्या वॉर्डात तरी असायला हवी.

थांबवण्याची शिस्त

ही शिस्त चार कामांची आहे आणि तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. पहिले, शक्य असेल तिथे पहिल्या डोसआधी रक्त आणि कफाचे नमुने कल्चरसाठी घेणे. औषध गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू अनेकदा वाढत नाहीत आणि पुढचे सगळे अंधारात चालते. दुसरे, औषध का दिले ते केसपेपरवर लिहिणे. तिसरे, ४८ ते ७२ तासांनी पुन्हा पाहणे: ताप, ऑक्सिजन, एक्स-रे, पांढऱ्या पेशी, कल्चर, विषाणूचा अहवाल. रक्तातले प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूसंसर्गात वाढते, त्याची मदत होते. पण मूत्रपिंड बिघडलेले असले तरी ते वाढलेले दिसू शकते, म्हणून एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. चौथे काम सर्वांत अवघड: जिवाणूची खूण नसेल तर औषध बंद करणे.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आलाच. ज्या भागातून कल्चरसाठी पुणे गाठावे लागत असे, त्या भागाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. प्रयोगशाळा जवळ आली म्हणजे तिला नमुने आधी पाठवण्याची आणि तिच्या अहवालाप्रमाणे औषध बदलण्याची सवय आपोआप येत नाही. ती लावावी लागते.

देशभरची सवय काय आहे, हे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ मध्ये २० मोठ्या रुग्णालयांत केलेल्या पाहणीत दिसले. एका दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांपैकी जवळपास ७२ टक्के अँटिबायोटिकवर होते. त्यातल्या निम्म्याहून अधिकांना ते संसर्ग होऊ नये म्हणून, खबरदारीपोटी दिले होते. या पाहणीनंतर, जानेवारी २०२४ मध्ये, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र लिहून सांगितले, की अँटिबायोटिक लिहिताना त्याचे कारणही लिहा. औषध दुकानदारांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती न विकण्याची आठवण करून दिली. कायदा त्याआधीच होता. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूची लागू आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन, लिव्होफ्लॉक्सासिन अशी औषधे विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव नोंदवायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. गोळ्यांच्या पट्टीवरची लाल रेघ हेच सांगते, की चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही.

इथे एक गैरसमज काढायला हवा. 'कोर्स पूर्ण करा' असे आपण वर्षानुवर्षे ऐकतो आणि क्षयासारख्या आजारात ते अक्षरशः पाळायचे असते. तिथे मध्येच औषध सोडणे म्हणजे आजार परत बोलावणे. पण ज्या आजारात जिवाणूच नव्हता, तिथे पूर्ण करण्यासारखा कोर्सही नसतो. फरक इतकाच, की थांबवायचे डॉक्टरांनी, पाहून आणि विचार करून. बरे वाटले म्हणून घरच्या घरी सोडायचे नाही.

नातेवाइकांच्या हातात यात बरेच काही आहे. पेशंट दाखल झाला की आपण खाटेची, डब्याची, पैशाची विचारपूस करतो. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला येतील तेव्हा दोन प्रश्न आणखी विचारा: "हे अँटिबायोटिक कशासाठी चालू आहे? आणि आता थांबवता येईल का?" हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. चांगल्या डॉक्टरला त्यांचा आधारच वाटतो, कारण औषध कमी केल्याबद्दल दूषण मिळण्याची भीती त्यालाही असते. 'भारी इंजेक्शन लावा' या आग्रहाने लाखो डोस सुरू झाले आहेत. 'आता थांबवता येईल का' असे आपण विचारू लागलो, तर तितकेच डोस वाचतील आणि ज्या दिवशी ते खरोखर लागतील त्या दिवशी लागू पडतील.